छोट्या विमानात गारवा: बर्फाचा डबा, पंपवाला डबा की वाळ्याचा कूलर?

मे महिन्यात सकाळी साडेदहाला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर विमानं उभी करायच्या जागेत, म्हणजे एप्रनवर, उभ्या सेसना १५२ या दोन सीटांच्या विमानाचं दार उघडलं की पहिला हात पट्ट्याच्या बकलाला लागतो आणि चटका बसतो. सीट तापलेली, हेडसेटचे पॅड तापलेले, काचेतून ऊन थेट मांडीवर. या विमानांना एसी नसतो. पंखाच्या मुळाशी असलेल्या नळ्या ओढल्या की हवा येते, पण जमिनीवर ती ४३-४४ अंशांचीच असते.

अकरा उन्हाळे इथे विद्यार्थ्यांसोबत उडतो आहे. एकदा सर्किट मारताना, म्हणजे विमानतळाभोवती घिरट्या घालत उतरण्याचा सराव करताना, शेजारच्या मुलाने टॉवरच्या बोलावण्याला उत्तरच दिलं नाही. वळून पाहिलं तर चेहरा लालभडक आणि घाम थांबलेला. विमान मी उतरवलं, त्याला सावलीत नेलं, ओले टॉवेल लावले, दवाखान्यात पोचवलं. पोरगा बरा झाला. त्या दिवसापासून केबिनमधला गारवा मला चैनीची गोष्ट वाटत नाही. त्यानंतर घरीच तीन प्रकारचे कूलर बनवून पाहिले. आता दरवर्षी मार्च लागला की कोणी ना कोणी विचारतंच, "सर, कोणता बनवू?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक विचार करा: गारवा नेमका केव्हा हवा? वर जाताना दर हजार फुटांना हवा साधारण २ अंशांनी थंड होते, तापलेल्या दुपारी ३ अंशांनीही. म्हणजे क्रॉस-कंट्रीला, दुसऱ्या गावाकडच्या लांब उड्डाणाला, निघून सहा-सात हजार फुटांवर पोचलात की खिडकीतून येणारी हवाच सुखाची असते. जीव जातो तो इंजिन सुरू करण्यापासून टॅक्सी (जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं), रन-अप (उडण्याआधीची इंजिनाची चाचणी), परवानगीची वाट आणि पहिली चढण होईपर्यंत, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. सर्किट मारणाऱ्याचं मात्र वेगळं आहे. तो जमिनीपासून हजार फुटांच्या वर जातच नाही, त्याला तासभर ऊन खायचंच आहे. दोघांनी एकच डबा बनवू नये.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि इथे मी कुणाचंच ऐकत नाही. नागपूरचं विमानतळ समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या थोडं वर आहे. पण ४४ अंशांत हवा इतकी विरळ होते की विमानाला ते पावणेपाच हजार फुटांवरच्या धावपट्टीसारखं वाटतं. धाव लांबते, चढण मंदावते. १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. दोघांचे मिळून दीडशे किलो आणि भरलेल्या टाक्या धरल्या की आमच्या विमानात पंचवीस-तीस किलोच शिल्लक राहतात. त्यात बॅग, पाणी, कागदपत्रं आलीच. पंधरा किलोचा कूलर घेऊन निघालात तर गारव्याची किंमत चढणीत मोजावी लागते. वजन कागदावर मांडल्याशिवाय काहीही आत ठेवू नका. डबा सीटमागे गेला की गुरुत्वमध्यही मागे सरकतो, तोही काढा.

आता बर्फ किती गारवा देतो ते बघू. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. म्हणजे तासाभरात १० किलो बर्फ वितळवला तर सरासरी ९३० वॉट मिळतात. घरच्या दीड टनी एसीची क्षमता सव्वापाच किलोवॉट असते. (एसीचा "टन" आला तोही बर्फावरूनच: एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळवण्याइतका गारवा.) तेव्हा १० किलो बर्फाचा डबा म्हणजे पाव टनाचा एसी, तोही तासभरच. चारी बाजूंनी काच असलेली केबिन त्याने थंड होणार नाही. थंड करायचं ते माणसाला: झोत छातीवर, मानेवर, मनगटांवर आला पाहिजे. हे एकदा पटलं की छोटा डबाही पुरतो.

साधा डबा: बर्फ आणि पंखा

आईस बॉक्सच्या झाकणाला दोन भोकं पाडायची. एकावर १२ व्होल्टचा पंखा उलटा बसवायचा, म्हणजे हवा आत ढकलली जाईल. दुसऱ्यात पीव्हीसीचा एल्बो खोचायचा, तोंड आपल्याकडे. पंखा आणि एल्बो समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवा, नाहीतर हवा बर्फाला न शिवताच बाहेर येते. पंखा फार जोरात नको. हवा जितकी सावकाश फिरेल तितकी गार निघते.

सुट्या बर्फाऐवजी मी घरच्या फ्रीजरमध्ये गोठवलेल्या १ लिटरच्या बाटल्या वापरतो. पाण्याला फुगायला जागा हवी, म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही. सुट्या, फोडलेल्या बर्फाला हवा जास्त लागते, म्हणून तो जास्त गारवा देतो, हे खरं. पण वितळल्यावर त्याचं पाणी होतं आणि हिंदकळतं. एका दुपारी गरम हवेचे धक्के बसत होते, तेव्हा झाकणाच्या फटीतून ते पाणी माझ्या बुटांखाली आलं. शेपटीचं सुकाणू हलवणाऱ्या रडर पेडलवर पाय घसरला. नशिबाने तेव्हा आम्ही उंचावर होतो, उतरत नव्हतो. त्यानंतर सुटा बर्फ बंद केला.

डबा थर्माकोलचा घेऊ नका, स्वस्त आणि हलका असला तरी. इंधनाचा नमुना काढताना एव्हीगॅसचे, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचे, दोन थेंब माझ्या पहिल्या डब्यावर पडले, आणि बघता बघता तिथे बोट जाईल एवढा खड्डा झाला. पेट्रोल थर्माकोलला विरघळवतं. शिवाय पेटला तर काळा, दाट धूर करतो. कडक प्लास्टिकचा, आत फोम असलेला बारा-पंधरा लिटरचा आईस बॉक्स घ्या. डबा, पंखा, बॅटरी आणि चार बाटल्या मिळून वजन नऊ-दहा किलोंत बसतं. चार किलो बर्फ अर्ध्या तासात वितळला तर हिशेबाने पाऊण किलोवॉटच्या जवळ जातो. बाटल्यांत तो इतक्या लवकर वितळत नाही, म्हणून झोत मवाळ लागतो पण जास्त वेळ टिकतो.

पंपवाला डबा: बर्फाचं पाणी आणि कॉइल

हा खरा कूलर. डब्यात बर्फ आणि तीन-चार लिटर पाणी, तळाशी १२ व्होल्टचा छोटा पंप. पंप थंडगार पाणी नळीतून कॉइलमध्ये पाठवतो आणि ते फिरून परत डब्यात येतं. कॉइलमागे पंखा. कॉइल म्हणून जुन्या गाडीच्या हीटरचा कोअर (छोटा रेडिएटर) उत्तम, भंगारवाल्याकडे सहज मिळतो. आतून साबणाच्या पाण्याने धुऊन घ्या आणि घरी दोन तास पंप चालवून गळती तपासा.

गारव्यात याला तोड नाही. शेवटचा खडा वितळेपर्यंत पाणी शून्याच्या जवळपास राहतं, म्हणून झोत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच गार. पंप बंद केला की बर्फ वाचतो: टॅक्सीत चालवा, वर गेल्यावर बंद करा, उतरताना पुन्हा चालू. आणखी एक गुण आहे. हा हवेतली ओल काढून घेतो. जुलै-ऑगस्टच्या चिकचिकीत कॉइलवरून पाण्याची धार लागते (खाली ट्रे ठेवावाच लागतो) आणि हवा कोरडी येते. ऑक्टोबरच्या उन्हातही हाच कामाचा.

पण वजन सोळा-अठरा किलोंवर जातं. नळीचे चार जोड, प्रत्येकावर क्लिप हवीच. माझी एक नळी क्लिपशिवाय नुसती घट्ट बसवलेली होती. ऊन लागून मऊ झाली आणि चढणीत सुटली. पंप इमानेइतबारे पाणी सीटमागे ओतत राहिला. हेडसेटच्या जोडण्या आणि वायरी तिथून हातभर अंतरावर होत्या. १५२ साठी हा डबा मला जडच वाटतो. चार सीटांच्या सेसना १७२ मध्ये, मागची सीट रिकामी असेल तर, तिथे सीटबेल्टने बांधून नीट जमतो.

वाळ्याचा कूलर

नागपूरकराचा जीव इथेच अडकतो, माझाही अडकला. मार्चमध्ये घरोघरी कूलर उतरवले जातात, नव्या ताट्या बसतात, पहिलं पाणी पडलं की वाळ्याचा वास घरभर पसरतो. तेच विमानात का नको? कागदावर तर हाच जिंकतो. १ लिटर पाणी उडून जाताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता नेतं, तेवढ्याच वजनाच्या बर्फाच्या सातपट. आणि हवा तर आपल्याकडे कोरडी. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या ताटीतून येणारी हवा फार तर २३ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगली ताटी २८-२९ सहज देते, तेही बर्फाशिवाय.

अडचण केबिनची आहे. घरी कूलर खिडकीत असतो, बाहेरची कोरडी हवा घेतो आणि समोरचं दार उघडं राहतं. विमानात तो आत ठेवला की तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरते. दहा मिनिटांत गारवा संपतो आणि चिकचिक उरते. १५२ ची खिडकी उडतानाही उघडता येते, पण तेव्हा बाहेरचा वाराच इतका असतो की कूलरच्या झोताचं काही उरत नाही. कूलरचं नुसतं तोंड खिडकीबाहेर काढायचं म्हटलं तरी तो विमानातला बदल ठरतो. ओली हवा घेऊन वर थंडीत गेलात तर काच आतून धुरकटते. आणि जूनच्या मध्यात मान्सून आला की याचं काम संपलं.

तरीही मी तो सोडला नाही, त्याची जागा बदलली. घरचा जुना डेझर्ट कूलर हँगरच्या सावलीत ठेवतो. दोन्ही दारं उघडून, इंजिन बंद असताना, एका दारातून दहा मिनिटं झोत सोडतो. सीट, बकल, पॅनेल, सगळं बसण्याजोगं होतं. नंतर कूलर लांब नेऊन ठेवायचा आणि मगच सुरू करण्याची तयारी. विमान उभं असताना काचेवर आतून चंदेरी पडदा लावलेला असेल तर या दहा मिनिटांचं काम पाचात होतं. विमानात एक ग्रॅमही वजन न वाढवता मिळणारा हा गारवा मला तिन्हींपेक्षा मोठा वाटतो.

ऑनलाइन मिळणारे यूएसबीवाले "मिनी एसी" म्हणजे पेल्यातले वाळ्याचे कूलरच, ते सोडून द्या. विजेने एक बाजू गार आणि दुसरी गरम करणारे पेल्टियरवाले डबेही नकोत. त्यांची गरम बाजू केबिनमध्येच उष्णता ओतते.

ड्राय आइसबद्दल मात्र कळकळीने सांगतो, नको म्हणजे नको. तो वितळून पाणी होत नाही, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. १ किलोचा वायू पाचशे लिटरच्या वर. दोन माणसांच्या बंद केबिनमध्ये आधी डोकं दुखेल, मग झोप येईल, आणि वैमानिकाला ते कळणारही नाही.

विजेचं

१५२ च्या लायटर सॉकेटमध्ये २८ व्होल्ट असतात. गाडीच्या दुकानातले पंखे आणि पंप १२ व्होल्टचे. मी सुरुवातीला हे न बघता पंखा लावला. आधी तो वेड्यासारखा फिरला, मग जळका वास आला. कॉकपिटमध्ये जळका वास आला की पोटात काय होतं ते उडणाऱ्यालाच ठाऊक. तेव्हापासून कूलरची बॅटरी वेगळी: यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद, अडीच किलोच्या आतली. नुसता पंखा तासभर आरामात चालतो. पंखा आणि पंप दोन्ही लावले तर पाऊण तास धरा. बॅटरीच्या टोकाशीच फ्यूज लावा. विमानाच्या वायरिंगला हात लावायचा किंवा कुठे भोक पाडायचं असेल तर डीजीसीएची (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची) मंजुरी लागते. म्हणून डबा उचलून आणायचा, बांधायचा आणि उतरताना उचलून न्यायचा असाच असावा. ज्या क्लबचं विमान आहे त्यांच्या मुख्य प्रशिक्षकाला आधी दाखवा.

बांधणं म्हणजे खरंच बांधणं. दहा किलोचा डबा धक्क्यात सुटला तर डोक्यावर येतो. नळी, वायर, एल्बो यातलं काहीही योक (विमानाचं स्टिअरिंग), ट्रिमचं चाक किंवा पेडलजवळ जाता कामा नये. सगळं बसवून झालं की योक चारी बाजूंना टोकापर्यंत फिरवून बघा, पेडलही.

तर मग कोणता? १५२ वर शिकत असाल तर साधा डबा, चार बाटल्या, आणि उडण्याआधी हँगरमध्ये डेझर्ट कूलरची दहा मिनिटं. स्वतःचं किंवा क्लबचं १७२ असेल, मागची सीट रिकामी असेल आणि पावसाळ्यातही उडायचं असेल, तर पंपवाल्यावर मेहनत घ्या, ती वाया जाणार नाही. क्रॉस-कंट्रीवाल्याने दोनच बाटल्या ठेवाव्यात, वर गेल्यावर त्यांची गरज नाही. आणि मेअखेरच्या नवतपाच्या दिवसांत दुपारी बाराचा स्लॉट मिळाला, तर तो सोडून सकाळी सहाचा मागावा. २०१३ च्या मे महिन्यात याच शहरात पारा ४७.९ ला गेला होता. तशा दुपारी यातला कुठलाच डबा पुरा पडत नाही.

मी साध्या डब्यावरच थांबलो. बाटल्यांत नेहमी प्यायचंच पाणी गोठवतो. उतरून इंजिन बंद केलं की त्या अर्ध्या वितळलेल्या असतात. एक विद्यार्थ्याच्या हातात देतो, एक मी उघडतो, आणि पंखाच्या सावलीत उभं राहून आम्ही दोघं आधी पाणी पितो, मग लँडिंगवर बोलतो.