जुन्या ट्रकला पार्ट कुठला घालायचा : कंपनीचा की बाहेरचा?

गाडी दहा-बारा वर्षांची झाली आणि फायनान्सचे हप्ते फिटले, की पार्ट घेताना मालकाचा हात आखडतो. साहजिक आहे. भाडं वाढत नाही, खर्च वाढतो. त्यात आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेसचा दाखला दरवर्षी काढावा लागतो, त्यामुळे पासिंगच्या तोंडावर हा प्रश्न हमखास उभा राहतो. दुकानदार विचारतो, "कंपनीचा देऊ की बाहेरचा?" आणि आपण दोन्हींची किंमत विचारून मोकळे होतो.

खरं तर काउंटरवर दोन नव्हे, तीन प्रकारचा माल असतो. पहिला, ट्रक कंपनीच्या स्वतःच्या डब्यातला: टाटा जेन्युइन पार्ट्स किंवा लेलँडचे लेपार्ट्स. दुसरा, ट्रक कंपनीला माल पुरवणारा कारखाना स्वतःच्या नावाने विकतो तो. ट्रक कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही. डिझेल पंप आणि नोझल बॉशचे, एअर ब्रेकचे व्हॉल्व्ह वॅब्कोचे, सेल्फ-डायनॅमो ल्युकास टीव्हीएसचे, असं बऱ्याच गाड्यांत असतं. सोलापूरकरांना हे समजायला लांब जायला नको. इथल्या प्रिसिजन कारखान्याच्या कॅमशाफ्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) देशोदेशीच्या मोटार कंपन्यांच्या इंजिनांत बसतात, आणि गाडीवर नाव मात्र त्या त्या कंपनीचं असतं. तिसरा प्रकार लोकल, म्हणजे आपल्या नावाने स्वस्त माल बनवणाऱ्यांचा. डुप्लिकेट यापेक्षा निराळा: दुसऱ्याच्या नावाचा डबा छापून आत काहीही भरलेलं. लोकल मालाचा विचार करता येतो. डुप्लिकेट म्हणजे फसवणूक, तो कुठल्याच भावात परवडत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. जुन्या गाडीला बहुतेक वेळा दुसरा प्रकार घ्यावा. कारखाना तोच, दर्जा जवळपास तोच आणि डब्यावरच्या नावाचे पैसे वाचतात. पण पार्ट घेताना दोन गोष्टी बघायच्या: तो निकामी झाला तर गाडी कुठे, कशी उभी राहील, आणि तो परत बदलायला किती उघडावं लागेल.

दुसरी गोष्ट लोक विसरतात. समजा, चांगला क्लच सेट १५ हजारांना आणि लोकल ९ हजारांना मिळतोय. वाचले ६ हजार. लोकल प्लेट ऐन सीझनला गेली, तर गिअरबॉक्स परत उतरवायची मजुरी, दोन दिवस गाडी उभी, ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता चालूच, आणि ठरलेलं भाडं दुसऱ्याच्या गाडीला. क्रँकचा मागचा ऑइल सील तर किमतीने किरकोळ, पण त्यासाठी गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं काढावं लागतं. जे बदलायला गाडी अर्धी खोलावी लागते, तिथे पार्टच्या किमतीवर काटकसर करू नये. हेड गास्केट, रिंगा, बेअरिंग यांनाही हेच लागू.

ब्रेक आणि स्टिअरिंगला तर लोकल मालाचा विचारच नको. तुळजापूरचा घाट भरल्या गाडीने सोलापूरकडे उतरताना ड्रम तापतात. हलक्या लायनरची पकड तापल्यावर ढिली पडते. पेडल दाबलेलं असतं आणि गाडी पुढे सरकत असते. काही लोकल लायनर याच्या उलट इतके कडक असतात की ते टिकतात, पण ड्रम खातात. मग स्वस्त लायनरपायी ड्रमचा खर्च बसतो. एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांना एकाच कंपनीचे लायनर घाला, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. स्टिअरिंगचे किंगपिन आणि टायरॉड एंड, चाकाचं हब बेअरिंग हेही याच यादीत.

एअर फिल्टरबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. ऊस भरायला गाडी रानात उतरते, फुफाट्यातून जाते, कारखान्याच्या रांगेत उभी राहते. लोकल फिल्टर दिसायला तसाच. पण कागद विरळ असतो, घड्या कमी असतात, टोकाच्या रबराची कड नीट दाबून बसत नाही. बारीक माती त्या फटीतून आत जाते आणि इंजिनचे लायनर-पिस्टन घासते. गाडी लगेच तक्रार करत नाही. सीझन संपता संपता ऑइल खायला लागते, धूर मारते, आणि सगळे म्हणतात इंजिन म्हातारं झालं. तपासायची पद्धत सोपी आहे. फिल्टरनंतरचा, इंजिनकडे जाणारा होज सोडवा आणि आतून बोट फिरवा. बोटाला माती लागली तर फिल्टर किंवा क्लिप गळतेय. नवा फिल्टर घेताना आत टॉर्च लावून बाहेरून बघा. कुठे ठिपक्यासारखा उजेड दिसला तर परत करा.

डिझेल फिल्टरचंही तसंच, आणि कॉमन रेल (एकाच पाइपातून खूप दाबाने सगळ्या नोझलला डिझेल देणारी) गाडी असेल तर जास्तच. तिथे नोझलच्या आतली फट मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. फिल्टरमध्ये वाचवलेले पैसे नोझलच्या बिलात कितीतरी पटीने जातात. एप्रिल २०२० नंतरची, धुराच्या नव्या नियमांची बीएस-६ गाडी असेल तर सेन्सर आणि सायलेन्सरकडच्या सामानाला लोकल हात लावूच नका.

मग लोकल कुठे चालतं? बंपर, मडगार्ड, आरसे, टेललाइट, केबिनचा पत्रा, दाराची हँडलं, सीट. इथे डोळे झाकून स्वस्त घ्या. विम्याचं गणितही बघा: दहा वर्षांपुढच्या गाडीच्या अपघाती क्लेममध्ये लोखंडी पार्टवर ५० टक्के घसारा (पार्ट जुना झाल्याची घट) कापतात आणि रबर-प्लास्टिकवर तर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के. घसारा न कापणारी जादा पॉलिसी नसेल, तर ओरिजिनल बंपरचा निम्मा भार तुमच्याच खिशावर येतो. होज पाइप आणि फॅन बेल्ट मात्र रबराचे आहेत म्हणून या स्वस्ताच्या यादीत घालू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, त्यात हलकं रबर तडकतं.

इंजिन किंवा मोठं युनिटच गेलं असेल तर टाटाची प्रोलाइफ योजनाही विचारून बघा. जुनं देऊन कंपनीने दुरुस्त केलेलं युनिट त्यात मिळतं. डिफरन्शियलचं हाउसिंग किंवा दरवाजा यांसाठी जुन्या बाजारातला ओरिजिनल माल नव्या लोकलपेक्षा कधीही चांगला.

काउंटरवर जाताना जुना पार्ट सोबत न्या आणि त्यावरचा नंबर डब्याशी नव्हे, आतल्या मालाशी जुळवा. बेअरिंग हातात घेऊन फिरवा, कोरलेली अक्षरं नखाने चाचपा. डुप्लिकेटवर ती बहुधा पुसट किंवा वाकडी असतात. होलोग्राम आणि स्क्रॅच कोड दुकानातच तपासा. आणि पक्कं बिल घ्या. सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्टवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, आधी बऱ्याच पार्टवर २८ होता. जुन्या एमआरपीचा डबा पुढे आला तर नवा दर लावायला सांगा. बिलावर पार्ट नंबर लिहून घेतलात तर माल खराब निघाल्यावर तो बदलून मागता येतो.