ड्वॉर्फ आणि रोहन: ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द कार्ड गेम’च्या सुधारित कोअर सेटमधून दोघांसाठी थीम डेक

फँटसी फ्लाइटच्या या सहकारी कार्ड गेमचा २०११चा मूळ कोअर सेट दोघांपुरता होता आणि कार्डांच्या पुऱ्या प्रतींसाठी लोक दुसरा बॉक्स घ्यायचे. २०२२च्या सुधारित सेटवर चौघं खेळू शकतात, आणि खेळाडूंच्या कार्डांच्या तीन-तीन प्रती मिळतात. एका डेकमध्ये एका नावाची तीनच कार्डं चालतात, म्हणजे तो खर्च वाचला.

मात्र एका डेकला लागणारी ५० कार्डं एकाच जमातीची (ड्वॉर्फ म्हणजे बुटके, रोहन म्हणजे घोडेस्वारांचं राज्य) या बॉक्समध्ये नाहीत. थीम हीरोंपुरती (डेकची तीन मुख्य पात्रं) ठेवा, उरलेला डेक कामाच्या वाटणीवर बांधा.

ड्वॉर्फ डेक: गिम्ली, ग्लोइन, थालिन. लीडरशिप आणि टॅक्टिक्स (कार्डांच्या चार गटांपैकी दोन; उरलेले स्पिरिट आणि लोअर), सुरुवातीचा थ्रेट (शत्रूच्या नजरेत येण्याचा आकडा, दर फेरीला १ने वाढतो) २९. काम लढाईचं. रोहन डेक: एओविन, थेओड्रेड, डुनहेर. स्पिरिट आणि लीडरशिप, थ्रेट २५. काम क्वेस्टचं, म्हणजे मोहीम पुढे नेण्याचं.

थ्रेटमधला हा फरक फार उपयोगी पडतो. अँडुइनच्या मोहिमेतला हिल ट्रोल हा शत्रू ३० थ्रेटला अंगावर येतो, म्हणजे दुसऱ्या फेरीतच ड्वॉर्फवाल्याकडे. रोहनवाल्याला तोवर उसंत असते. नवखे इथे एखादा स्वस्त अलाय (साथीदार) बळी देतात आणि फसतात: ट्रोलचा हल्ला ६, आणि अलायला पुरून उरलेलं डॅमेज तुमच्या थ्रेटमध्ये जमा होतं. स्नोबोर्न स्काउट (डिफेन्स १, हिट पॉइंट १) पुढे केला तर थ्रेट थेट ४ने वाढतो.

त्याऐवजी गिम्लीला सिटाडेल प्लेट (९ हिट पॉइंट) आणि ड्वॉर्व्हन ॲक्स द्या, आणि रोहनवाल्याने आपलं अनएक्स्पेक्टेड करेज त्याच्यावर लावावं. अटॅचमेंट (हीरोला जोडायचं कार्ड) दुसऱ्याच्या हीरोवर चालते, हे बरेच जण विसरतात. गिम्ली बचाव करतो, ४ डॅमेज खातो (प्रत्येक डॅमेजमागे त्याचा हल्ला १ने वाढतो), करेजने रेडी होतो, म्हणजे पुन्हा वापरता येतो, आणि ८ने मारतो. ट्रोलचा डिफेन्स ३, म्हणजे ५ लागले. पुढच्या फेरीत फेंट खेळून हल्ला टाळा, पुन्हा ५ मारा. ट्रोलचे ९ पॉइंट संपले. यात घोळ घालतं ते शॅडो कार्ड (शत्रूच्या हल्ल्याला जोडून येणारं छुपं कार्ड), म्हणून रोहनच्या डेकमध्ये त्याचा परिणाम रद्द करणाऱ्या हेस्टी स्ट्रोकच्या तिन्ही प्रती हव्यातच.

प्लेटला ४ रिसोर्स (कार्डं खेळायचं चलन) लागतात, म्हणून जास्तीचे रिसोर्स देणारं स्टीवर्ड ऑफ गोंडोर गिम्लीवरच लावा. (ड्वॉर्फ गोंडोरचा कारभारी! थीमवाल्यांनी डोळे मिटून घ्यावेत.) हे कार्ड युनिक असल्याने टेबलावर एकच राहतं, तेव्हा तीन प्रती ड्वॉर्फ डेकमध्ये आणि रोहनमध्ये एकही नाही. गँडाल्फही युनिक. तो आणि त्याला थोड्या वेळासाठी स्वस्तात उतरवणारं स्नीक अटॅक शक्यतो एकाच डेकमध्ये ठेवा.

रोहनमध्ये नॉर्दर्न ट्रॅकर तीन घ्याच; क्वेस्टला गेला की तो साचलेल्या प्रत्येक लोकेशनवर प्रगती टाकतो. प्रवास फेरीला एकाच लोकेशनचा, उघडतात मात्र खेळाडूंइतकी कार्डं. लोकेशनं साचली की खेळ तुंबतो. थेओड्रेडने पहिल्या क्वेस्टला एओविनला रिसोर्स दिला आणि बाकी काही खर्चलं नाही, तर ४ किमतीचा ट्रॅकर दुसऱ्या फेरीत येतो. एओविनची क्वेस्टची ताकद वाढवायला दोन्ही खेळाडू दर फेरीला एकेक कार्ड टाकू शकतात. ड्वॉर्फवाल्याच्या हातातली नको असलेली कार्डं इथे कामी येतात.

उणीव एकच, पण मोठी: लोअर नसल्याने उपचार नाहीत आणि कार्ड ओढण्याची सोय तुटपुंजी. तिसरा खेळाडू असेल तर त्याला बेरावोर, डेनेथोर, ग्लोरफिंडेल हे लोअरचे हीरो आणि उपचाराचं लोअर ऑफ इम्लाड्रिस द्या. तोवर डोल गुल्डुरच्या मोहिमेच्या वाटेला जाऊ नये. तिथे एक हीरो चिठ्ठीने कैदेत जातो, आणि ती चिठ्ठी एओविनची निघाली तर क्वेस्टसाठी फारसं कोणी उरत नाही.