इंग्लंड दौरा: १९११चा की १९३२चा?

भारतीय संघाचा १९३२चा दौरा सगळ्यांना पाठ असतो. लॉर्ड्सवर भारताची पहिलीवहिली कसोटी, सी. के. नायडू कर्णधार. त्याच महिन्यात कौंटी सामन्यात ५५५ धावांची सलामी दिलेल्या इंग्लंडच्या होम्स-सटक्लिफच्या दांड्या मोहम्मद निसारने उडवल्या. इंग्लंड ३ बाद १९! सामना मात्र १५८ धावांनी गेला.

१९११च्या संघाला कसोटी नव्हतीच. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. ते मोजकेच सामने खेळले, बाकी वेळ मेजवान्या. संघ सपाटून हरला. पण पळवणकर बाळू! पुण्यात जिमखान्याची खेळपट्टी राखणाऱ्या, साहेबांना सरावाला गोलंदाजी टाकणाऱ्या या दलित डावखुऱ्या फिरकीपटूने दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. भाऊ शिवरामही संघात होता. लॉर्ड्सचं कौतुक आहेच, पण माझं मत १९११ला.