जुन्या वॅगन आरमध्ये अँड्रॉइड स्टीरिओ: दिवाळी ते पावसाळा वापरल्यानंतर

बॅटरी उतरली म्हणून हे लिहायला बसलो, पण खरा राग बॅटरीचा नाही. तो एका नारंगी वायरीचा आहे.

गाडी २०१२ची वॅगन आर. कंपनीचा स्टीरिओ सीडी गिळून बसला होता आणि पेन ड्राइव्ह लावला की नुसता ‘एरर’. घरात नव्या गाडीचा विषय निघाला होता. पण इंजिन ठणठणीत, एसी गार, पत्रा गंजलेला नाही, मग कर्ज काढायचं कशासाठी? २०२७ला पंधरा वर्षं पूर्ण होतील, तेव्हा रिपासिंगची फी आणि ग्रीन टॅक्स भरू, पण हप्ते नकोत. म्हणून दिवाळीच्या आधी जळगावात एका दुकानात नऊ इंची अँड्रॉइड स्टीरिओ, फ्रेम, रिव्हर्स कॅमेरा आणि फिटिंग असं सगळं मिळून साडेनऊ हजारांत उरकलं. बिल मागितलं तर दुकानदाराने व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीमागे आकडा लिहून दिला. वॉरंटी एक वर्षाची, तीही त्याच कार्डावर.

खोक्यावर काय छापलंय ते बघून भाव ठरवू नका. माझ्या खोक्यावर ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, अँड्रॉइड १३. सेटिंगमध्येही तेच दिसतं, कारण तिथले आकडे चक्क खोटे लिहून ठेवलेले असतात. हार्डवेअरची माहिती देणारं एक अ‍ॅप टाकलं, तर निघाली २ जीबी रॅम आणि अँड्रॉइड १०. ‘४ × ६० वॅट’ ही तर त्याहून मोठी थाप. यंत्राच्या मागे फ्यूज आहे १० अँपिअरचा. गाडी चालू असताना १४ व्होल्ट धरले तरी १४० वॅटच्या वर ते आत घेऊच शकत नाही, मग २४० बाहेर कुठून काढणार? एका स्पीकरला खरे पंधरा-वीस वॅट मिळत असतील, आणि आपल्या जुन्या स्पीकरांना तेवढे पुरे होतात. रॅमचंही मी मनावर घेतलं नाही. अँड्रॉइड ऑटो, म्हणजे मोबाइलमधला नकाशा-गाणी गाडीच्या पडद्यावर आणायची सोय, चालू केलं की डोकं मोबाइलचं चालतं, हा स्टीरिओ फक्त दाखवतो.

आता ती वायर. या यंत्रांच्या मागून निघणाऱ्या वायरींचे रंग साधारण ठरलेले असतात: पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा करंट, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, काळी अर्थिंगची, आणि नारंगी म्हणजे इल्युमिनेशनची. गाडीचे पार्किंग लाइट लावले की नारंगीत करंट येतो, त्यावरून यंत्राला कळतं की रात्र झाली, आणि पडदा मंद होतो. माझ्या गाडीत ती जोडलीच नव्हती. दिवसा फरक पडत नाही. पण आमचं सासर-माहेर अमळनेर-शहादा. दोंडाईचावरून रात्री परत यायचं, हंगामात समोर उसाच्या ट्रॉल्या, त्यांना मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि इथे माझ्या डाव्या हाताला नऊ इंची पांढरा उजेड. काचेत त्याचं प्रतिबिंब, रस्ता काळा ठिक्कर.

दुकानात फोन केला. “सेटिंगमधून कमी करून घ्या ना भाऊ.” करत होतोच. पण गाडी बंद करून पुन्हा चालू केली की ब्राइटनेस परत शंभर टक्के. चहाला थांबा, शंभर. पेट्रोलच्या लायनीत थांबा, शंभर. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनी आप्पांचा मोठा रुमाल फ्रेमच्या फटीत खोचून पडद्यावर पडदा टाकला. नकाशा बघायचा असेल तेव्हा त्या रुमालाचं टोक उचलायच्या, “अजून सरळच आहे” सांगायच्या आणि खाली सोडायच्या. साडेनऊ हजार खर्चून हे!

पुन्हा फोन केला तर “मोठ्या गाड्यांनाच ते फीचर येतं” असं उत्तर. नंतर “गाडी घेऊन या”. गेलो तर पोऱ्या सुटीवर. एका वायरीच्या टोकावर टेप गुंडाळायला वेळ होता, पण दुसऱ्या टोकाला जोडायला नव्हता.

बॅटरीचं असं झालं की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शहाद्याला गेलो, गाडी सासऱ्यांच्या अंगणात दोन-तीन दिवस उभी राहिली, आणि निघायच्या दिवशी सेल्फ नुसता टक् टक्. सगळी सासुरवाडी ओट्यावर उभी. मेव्हण्याने ट्रॅक्टर आणून लावला, केबल जोडली, तेव्हा गाडी उठली. दुकानदार म्हणाला, बॅटरी जुनी असेल. बॅटरीची पावती माझ्याकडे होती, वर्षही झालं नव्हतं.

अमळनेरला आमच्या ओळखीचे वायरिंगवाले काका आहेत. त्यांनी बॅटरीची एक वायर सोडवून मधे मीटर लावला. गाडी बंद, चावी माझ्या खिशात, तरी काटा तीनशे मिलीअँपिअरवर. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी हा करंट किती दिवस पुरवेल याचा हिशोब कोणीही करावा. “हाऊ डबा झोपसच नई, भाऊ,” काका म्हणाले. पडदा काळा होत होता, पण आतलं यंत्र जागंच. झोपेची ती सेटिंग फॅक्टरी मेनूत असते आणि मेनूला कोड असतो. दुकानदाराशी फोनवर चांगलं वाजलं, तेव्हा कुठे त्याने कोड दिला. बदलल्यावर मीटर पंधराच्या आसपास आला. त्या दिवसापासून बॅटरीची कुरकुर नाही, म्हणून तो विषय मी सोडून दिला.

आणि मग, डबा बाहेर काढलेलाच होता म्हणून, काकांनी टेप सोलली. “हाई वायर कोणी जोडेलच नई.” कंपनीच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगमध्ये, इल्युमिनेशनची पिन होतीच. दोन टोकं एकत्र, सोल्डर, स्लीव्ह. चहा थंड व्हायच्या आत काम झालं, पैसे त्यांनी बॅटरीच्या कामातच धरले. लाइटचा दांडा फिरवला आणि पडदा मंद झाला, नकाशा काळ्या रंगात गेला, बाजूची बटणं लाल उजळली.

त्यामुळे आधी जे मत होतं ते थोडं बदलतो. यंत्र वाईट नाही. मे महिन्यात उन्हात उभी केलेली गाडी उघडली की पहिली पाच-दहा मिनिटं टच आळशी होतो, एसी लागला की सुधारतो. वायरलेस अँड्रॉइड ऑटो उन्हाळ्यात विसरा, फोन इस्त्रीसारखा तापतो, केबल लावा. फोनवर बोलायचा यंत्राचा माइक भिकार आहे, समोरच्याला “विहिरीतून बोलताय का” असं वाटतं. आवाजाचं गोल बटण नाही, हे अजून खटकतं. पण रिव्हर्स कॅमेऱ्याने आप्पांना जिंकलं. आमच्या बोळात मागे घेताना पूर्वी ते उतरून हात दाखवायचे, आता आत बसून पिवळ्या-लाल रेषा बघत “येऊ दे, येऊ दे” करतात.

घेणाऱ्यांनी एवढं करा: पैसे द्यायच्या आधी दुकानातच पार्किंग लाइट लावायला सांगा आणि पडद्याकडे बघा. गाडीच्या वायरी कापू देऊ नका, तुमच्या मॉडेलचा तयार कपलर दोन-तीनशेत मिळतो. फॅक्टरी मेनूचा कोड त्या कार्डावर लिहून घ्या. आणि जुना स्टीरिओ दुकानात सोडून येऊ नका. माझ्याकडे दुकानदार तीनशे रुपयांत मागत होता. तो गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. गाडी विकायची वेळ आली की तो परत बसवणार आणि हा पुढच्या गाडीत नेणार.