स्मिता पाटीलचे पहिले सिनेमे आणि नारायण पेठेतली काकांची डीव्हीडी लायब्ररी

नारायण पेठेत एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर एक डीव्हीडी लायब्ररी अजून चालू आहे. बाहेर पाटी नाही, आजूबाजूचे सगळे नुसतं काकांची लायब्ररी म्हणतात, जिना अंधारा आहे आणि वर गेलं की भिंतभर कपाटं. गेले चार आठवडे मी दर शनिवारी तिथे जातेय. मला स्मिता पाटीलचे अगदी सुरुवातीचे सिनेमे, म्हणजे 1975 ते 77 मधले, ओळीने बघायचे होते आणि नीट दिसतील असे बघायचे होते. आता कुणी म्हणेल मोबाईलवर सगळं मिळतं. मिळतं हो, पण जे मिळतं त्यात तिचा चेहराच दिसत नाही, कोपऱ्यात कुठल्यातरी चॅनेलचा शिक्का, रात्रीचा सीन आला की नुसता काळा डाग आणि त्यातून आवाज येतोय. आणि तिच्या त्या पहिल्या रोल्समध्ये डायलॉग इतके कमी आहेत की चेहरा गेला म्हणजे रोलच गेला. हे मला काकांकडच्या डिस्क बघून कळलं, म्हणून हा रिव्ह्यू.

खरं तर हे आईमुळे सुरू झालं. आई रेणुका स्वरूपची, आणि स्मिता पाटीलही त्याच शाळेतली, आईच्या पुढे तीन वर्षं. शाळेतलं आईला फार काही आठवत नाही, पण सिंहगडावरच्या टॉवरमुळे पुण्यात मुंबई दूरदर्शन दिसायला लागलं आणि शेजारच्या काकूंकडे बातम्या बघायला अख्खी चाळ जमायची, त्यात एक दिवस ही मुलगी बातम्या देताना दिसली ते तिला लख्ख आठवतं. "अगं, आपल्यासारखीच सावळी, मोठं कुंकू, आणि कॅमेऱ्यात अशी बघायची की वाटायचं मलाच सांगतीये." जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायला बसायची ही गोष्ट आईने मला किमान पन्नास वेळा सांगितली असेल. तर आईला ते सगळे सिनेमे परत बघायचे होते. आईला मोबाईलवर बघायला त्रास होतो, टीव्हीवर पाहिजे, म्हणून शोधत शोधत काकांकडे.

लायब्ररी कशी चालते ते सांगते. डिपॉझिट 500, एका डिस्कचे तीन दिवसांचे 40, उशीर झाला तर दिवसाला 10. वहीत नाव लिहायचं, सही करायची. दुपारी बंद असते आणि बुधवारी पूर्ण बंद. घरी डीव्हीडी प्लेअर नसेल (आमच्याकडे नव्हता, लॅपटॉपला पण आता ड्राइव्ह येत नाही) तर काका प्लेअरसुद्धा भाड्याने देतात, त्याचं डिपॉझिट वेगळं, आणि टीव्हीला कुठली वायर लागेल ते टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो बघून सांगतात. मी फोटो काढून नेला नव्हता तर म्हणाले, ताई घरी जाऊन फोटो पाठवा, वायर उद्या घेऊन जा, उगाच चुकीची नेऊ नका. हे मला फार आवडलं.

पण ह्या लायब्ररीची खरी गोष्ट म्हणजे कव्हरवरच्या पेन्सिलीच्या नोंदी. काकांनी प्रत्येक डिस्क स्वतः पूर्ण बघून आतल्या कागदावर बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, प्रिंट कशी, आवाज कसा, कुठे अडकते. "रात्रीचे सीन दिसत नाहीत." "दुसऱ्या भागात रंग उडालेला." "गाणी पूर्ण आहेत, कापलेली नाहीत." एकाच सिनेमाच्या दोन-दोन तीन-तीन कॉपी आहेत आणि काका सांगतात ही नेऊ नका, ही न्या, हिच्यात चेहरे दिसतात. चेहरे दिसतात, हे शब्द त्यांचेच. मला वाटतं ज्या माणसाला स्मिता पाटील कळलीये तोच असं लिहू शकतो.

आता सिनेमे. सुरुवात चरणदास चोरपासून केली, 1975, श्याम बेनेगलांचा, मुलांसाठी केलेला, हबीब तन्वीर यांच्या नाटकावरचा, ब्लॅक अँड व्हाइट. ती त्यात राजकन्या आहे, रोल छोटा, पण चोराकडे बघताना तिचं ते हट्टी हसू बघा. आई म्हणाली, ही तर बातम्यांमधलीच मुलगी आहे की. त्याच वर्षीचा सामना, जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, लिहिलेला तेंडुलकरांनी. तो डॉ. लागू आणि निळूभाऊंचाच आहे, त्या दोघांसमोर कुणाचं काही चालत नाही, स्मिताची कमळी येते आणि जाते. तरी सामना बघाच, बर्लिनच्या स्पर्धेत गेलेला सिनेमा आहे तो, आणि आईला त्यातली गाणी तोंडपाठ निघाली.

मग निशांत. इथे मला पहिल्यांदा जाणवलं ती काय करते ते. रुक्मिणी, जमीनदाराच्या घरातल्या धाकट्या भावाची बायको, आणि तो भाऊ म्हणजे नसीरुद्दीन शाह, ज्याचं मन मास्तरांच्या बायकोवर, म्हणजे शबाना आझमीवर. शबानाला उचलून वाड्यात आणतात आणि रुक्मिणीला त्याच घरात राहायचंय, जेवायचंय, वाढायचंय. स्मिता जवळजवळ काहीच बोलत नाही. ती फक्त ऐकते आणि बघते, नवऱ्याकडे, त्या बाईकडे, दाराकडे. राग आहे, भीती आहे, आणि हळूहळू त्या बाईबद्दल काहीतरी दुसरंच यायला लागतं, आणि हे सगळं तोंडातून एक शब्द न काढता. वय तेव्हा वीसच्या आसपास! पहिल्यांदा मी चुकून काकांनी नको म्हटलेली कॉपी उचलली होती, त्यात वाड्याच्या आतले सीन इतके काळपट की मला वाटलं हा रोल उगाच दिलाय तिला. दुसरी कॉपी आणली आणि आम्ही दोघी गप्पच झालो. सिनेमा तोच, डिस्क वेगळी.

मंथनबद्दल मात्र थोडं जास्त लिहिणार आहे. मंथन 1976 चा, गुजरातच्या 5 लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी 2 रुपये घालून केलेला, हे आता सगळ्यांना माहिती आहे. 2024 ला फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो नव्याने रिस्टोअर केला, मे मध्ये कान्सला दाखवला आणि 1 आणि 2 जूनला आपल्याकडे थेटरात आला. मूळ निगेटिव्ह आपल्याच पुण्यात, फिल्म अर्काइव्हमध्ये जपलेलं होतं, लॉ कॉलेज रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहिती असेल कोण जाणे. मी तेव्हा मल्टिप्लेक्समध्ये जाऊन बघितला होता, त्यामुळे काकांच्या डिस्कची तुलना मी त्याच्याशीच करणार, आणि खरं सांगायचं तर डिस्क तिथे कमी पडते. काकांनी पण पेन्सिलीने लिहिलंय, "रंग फिके, चालेल." थेटरात बिंदूच्या, म्हणजे स्मिताच्या, घरातला उजेड कसा होता, कॅमेरामन गोविंद निहलानींनी तिच्या सावळ्या रंगावर कुठेही पांढरा लाइट मारलेला नाही, माती, भिंत, तिचा दंड, ओढणी सगळं एकाच उन्हात, आणि त्यातून ते डोळे. डिस्कवर माती आणि चेहरा दोन्ही एकाच रंगाचे होऊन जातात.

तरी बघा. बिंदू ही दलित वस्तीतली, पदरात मूल, नवरा सोडून गेलेला, आणि शहरातून आलेला डॉक्टर राव म्हणजे गिरीश कार्नाड दुधाचं सँपल मागायला दारात येतो. ती त्याच्याशी आधी फटकून वागते, मग विश्वास ठेवायला लागते, आणि मग ते थोडं पुढे जातं पण कुणीच ते बोलत नाही. नंतर नवरा परत येतो आणि डॉक्टरविरुद्धच्या खोट्या कागदावर तिचा अंगठा घेतला जातो. तो अंगठा उठवतानाचा तिचा चेहरा मी दोनदा मागे नेऊन बघितला. रडणं नाही, किंचाळणं नाही, आपण काय करतोय हे माहिती आहे आणि दुसरं काही करता येत नाही हेही माहिती आहे. शूटिंगच्या वेळी राजकोटजवळच्या त्या गावात ती बायकांमध्ये अशी मिसळून बसायची की बघायला आलेले लोक हिरॉइन कुठाय विचारायचे, अशी गोष्ट सांगतात, आणि सिनेमा बघून त्यावर विश्वास बसतो. आणि हो, आपले मोहन आगाशे पण आहेत त्यात, देशमुख नावाचे, आई त्यांना बघून एकदम खूश.

जैत रे जैत साठी काकांकडे दोन कॉपी. एक चांगली, एक गाणी कापलेली. गाणी कापलेली कॉपी कुणी काढली असेल त्याला मला एकदा विचारायचंय की बाबा रे, मग उरलं काय? गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा सिनेमा, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत, अख्खी गोष्टच गाण्यातून पुढे जाते. 1977. लिंगोबाचा डोंगर, मधमाश्या, राणीमाशी बघायची म्हणून वेडा झालेला ठाकराचा पोर नाग्या (मोहन आगाशे) आणि नवऱ्याला सोडून त्याच्यामागे उभी राहणारी चिंधी. निशांत आणि मंथनमध्ये स्मिता सोसत असते, इथे ती चालते, पळते, चढते, भांडते, हसते मोठ्याने. चिंधीला जे पाहिजे ते ती सरळ मागते. नभ उतरू आलं लागलं तेव्हा आई भांडी घासायची सोडून ओले हात घेऊन बाहेर आली आणि पूर्ण गाणं उभ्यानेच बघितलं. मी ह्या पिढीतली, मला ही गाणी रेडिओवरची आणि गणपतीतल्या ऑर्केस्ट्रातली म्हणूनच माहिती होती, पण ती कुणाच्या अंगावर कशी दिसतात हे आता कळलं. मी रात टाकली ऐकताना आता मला चिंधीच दिसणार. आवाज ह्या डिस्कवर चांगला आहे, थोडी खरखर आहे पण ढोल स्वच्छ ऐकू येतो.

शेवटी भूमिका, तोही 1977 चाच. म्हणजे एकाच वर्षात चिंधी आणि ह्यातली नटी उषा, दोन्ही! जुन्या काळातल्या नटी हंसा वाडकर, त्यांच्या सांगत्ये ऐका ह्या आत्मचरित्रावरून केलेला. तरुणपणापासून ते चाळिशीपर्यंतची बाई एका बावीस वर्षांच्या मुलीने केलीये आणि त्यासाठी तिला पहिलं नॅशनल अवॉर्ड मिळालं. जुना काळ काही ठिकाणी ब्लॅक अँड व्हाइटमध्ये आहे आणि स्वस्तातल्या कॉपीत रंग इतके गेलेले असतात की कुठे जुनं संपलं आणि कुठे नवीन सुरू झालं तेच कळत नाही, म्हणून इथे प्रिंटला फार महत्त्व. काकांची कॉपी उत्तम, नोंद फक्त एका शब्दाची, "चोख." सुरुवातीला स्टेजवर नाचणारी उषा आणि लगेच नंतर घरी नवऱ्याशी, केशवशी (अमोल पालेकर) भांडणारी उषा, चेहऱ्यावरचा मेकअप तोच, बाई पूर्ण वेगळी. अमोल पालेकरांचा राग यावा इतकं चांगलं काम आहे. आणि अमरीश पुरींच्या त्या वाड्यात, जिथे सगळं आहे फक्त बाहेर जायची परवानगी नाही, तिथे ती परत निशांतमधल्या रुक्मिणीसारखी दाराकडे बघते. ओळीने बघितले म्हणून हे दिसलं, नाहीतर मला कधीच दिसलं नसतं.

अजून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये. हंसा वाडकरांनी 1941 मध्ये प्रभातचा संत सखू केला तो इथेच, प्रभात स्टुडिओत, म्हणजे आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे. आणि स्मिताने बेनेगलांच्या आधी 1974 मध्ये ज्या स्टुडंट फिल्ममध्ये काम केलं, अरुण खोपकरांची तीव्र मध्यम, ती त्याच इन्स्टिट्यूटची. दोघी एकाच आवारात, आणि मग एकीने दुसरीचं आयुष्य पडद्यावर जगायचं. तीव्र मध्यम काकांकडे नाही. मी विचारलं तर म्हणाले मिळाली तर पहिला फोन तुम्हाला.

तक्रारी पण लिहिते. निशांतची पहिली डिस्क मध्येच अडकली, काकांनी काही न बोलता त्याचे 40 परत दिले. सबटायटल बऱ्याच डिस्कवर नाहीत, त्यामुळे अमराठी मैत्रिणीला जैत रे जैत दाखवता आला नाही, मला शेजारी बसून सांगत बसावं लागलं असतं आणि त्या गाण्यांवर कुणी बोललेलं मला चालणार नाही. जिन्यात लाइट पाहिजे, आईला मी म्हणूनच वर नेलं नाही, ती खाली रिक्षातच बसली. आणि यादी कुठेच नाही, सगळं काकांच्या डोक्यात, ते नसले की सुनेला विचारावं लागतं आणि तिला फक्त नव्या सिनेमांचं माहिती आहे. काकांनी ह्या नोंदी कुणाकडून तरी टाइप करून घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं, पेन्सिल पुसली जाते, दोन-तीन कव्हरवर आत्ताच नीट वाचता येत नाहीये. मी त्यांना म्हटलंय, रविवारी येऊन बसते मी, तुम्ही सांगा, मी लिहिते. ते बघू म्हणालेत.

जैत रे जैतची चांगली कॉपी सध्या माझ्याकडेच आहे, आईने अजून दोन दिवस वाढवून घेतलीये. सोमवारी संध्याकाळी परत करणार. कुणाला हवी असेल तर साडेसहानंतर जा, आणि घेताना आतला कागद बघून घ्या, "गाणी पूर्ण" लिहिलेलीच न्या.