लाटेचं यंत्र की भरतीचं? सुटे भाग बनवणाऱ्या नाशिकच्या कारखान्यासाठी तुलना

समुद्र नाशिकपासून लांब आहे, पण समुद्रातल्या वीजयंत्रांना लागतो त्या जातीचा माल अंबड, सातपूर, सिन्नरमध्ये रोज बनतो: शाफ्ट, बेअरिंग हाउसिंग, हायड्रॉलिक सिलिंडर, स्विचगिअर. या कामात उतरायचं असेल तर लाटेच्या यंत्रांकडे वळावं की भरतीच्या टर्बाइनकडे? टिकाऊपणाचा पुरावा आज भरतीच्या बाजूने आहे. तो का आहे, हे समजून घेऊनच मशीनवर पैसा लावावा.

बऱ्याच जणांना वाटतं, लाट सतत आपटते म्हणून ते यंत्र लवकर थकतं. हिशेब तसा सांगत नाही. आठ सेकंदांची लाट धरली तर वर्षाला सुमारे ३९ लाख आवर्तनं होतात. मिनिटाला १२ फेरे घेणारा भरतीचा रोटर, पाणी थांबतं तो वेळ वजा करूनही, वर्षाला साधारण ४० ते ४५ लाख फेरे मारतो, आणि वरच्या व खालच्या थरातल्या पाण्याचा वेग सारखा नसल्याने प्रत्येक फेऱ्यात पात्यावरचा भार चढतो-उतरतो. थकवा दोघांनाही आहे.

खरा फरक टोकाच्या भाराचा. दोन मीटर उंच, आठ सेकंदांच्या लाटेत दर मीटर रुंदीला १५-१६ किलोवॅट शक्ती असते. वादळातल्या आठ मीटर, बारा सेकंदांच्या लाटेत ती ३७५ किलोवॅटच्या आसपास जाते. म्हणजे रोज कमवायचं एक पट आणि तग धरायची चोवीस पटींसाठी. भरतीचा प्रवाहही कमी नाही, त्याची ताकद वेगाच्या घनाने वाढते. पण उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) कधी, किती, हे पंचांगासारखं आधी माहीत असतं. सेकंदाला अडीच मीटरचा प्रवाह उधाणात चार मीटर झाला तर ताकद चौपट होते, आणि पात्यांचा कोन फिरवून जास्तीचा जोर सोडून देता येतो.

इतिहास हेच दाखवतो. भरतीच्या बाजूलाही सुरुवातीला पाती तुटली: २००८ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या स्ट्रँगफर्डच्या सीजेन टर्बाइनची, २००९ मध्ये कॅनडात फंडीच्या उपसागरातल्या ओपनहायड्रो कंपनीच्या टर्बाइनची. फंडीत प्रवाहाचा अंदाजच कमी धरला गेला होता. ही चूक मोजमाप सुधारून दुरुस्त होते. पुढे स्कॉटलंडच्या मेजेन प्रकल्पात दीड मेगावॅटची चार यंत्रं बसली, २०२३ पर्यंत त्यांनी पाच कोटी युनिट वीज दिली, आणि त्यातलं एक यंत्र सहा वर्षांहून अधिक काळ अचानक दुरुस्तीशिवाय पाण्याखाली चाललं. लाटेच्या बाजूला असं उदाहरण खोल समुद्रात नाही. पोर्तुगालजवळची पेलामिस कंपनीची तीन तरंगती यंत्रं २००८ मध्ये बेअरिंगच्या अडचणीमुळे काही महिन्यांत बंदरात परत आली. पैसा पुरवणाराही त्याच वेळी अडचणीत होता, हे खरं. ऑस्ट्रेलियात ओशनलिंक्स कंपनीचं यंत्र २०१० मध्ये नांगर तुटून बुडालं.

लाटेतच काम करायचं असेल तर किनाऱ्यालगतचा प्रकार बघा. स्पेनच्या मुत्रिकूत २०११ पासून बंदराच्या धक्क्यातच हवेवर फिरणारी १६ छोटी टर्बाइन आहेत. लाट हवा दाबते, फिरणारे भाग पाण्याबाहेर राहतात, कारागीर चालत जाऊन झाकण उघडतो. केरळात विळिंजमला १९९१ मध्ये याच तत्त्वावर १५० किलोवॅटचं यंत्र उभारलं होतं.

चालत जाता येणं का महत्त्वाचं? यंत्र वर्षात दोनदा बिघडलं आणि दरवेळी दोन दिवसांत सुधारलं तर ते ९९ टक्के काळ हाताशी असतं. तेच दोन बिघाड, पण बोट पोचायला दरवेळी दीड महिना थांबावं लागलं, तर ७४ टक्के. कोकण किनाऱ्यावर लाटेची बहुतेक ऊर्जा जून ते सप्टेंबरमध्ये येते आणि नेमक्या त्याच महिन्यांत दुरुस्तीची बोट बाहेर पडू शकत नाही. जूनमध्ये सील (पाणी आत शिरू न देणारा भाग) गेलं की वर्षाची कमाई गेली. स्कॉटलंडच्या ओर्कनी बेटांजवळच्या दोन मेगावॅटच्या ओ-टू या तरंगत्या भरतीयंत्रात हात वर उचलून रोटर पृष्ठभागावर आणता येतात. आम्हाला हा मार्ग सर्वांत शहाणा वाटतो.

भारतात भरतीची मोठी जागा म्हणजे खंभातचं आखात. तिथे स्कॉटलंडचा अनुभव जसाच्या तसा लागू करू नका. पाणी प्रचंड गढूळ आहे, तळ सरकतो. गाळ सीलच्या घासणाऱ्या पृष्ठभागात शिरतो, पात्याची पुढची कड खातो. शिवाय कोमट पाण्यात शेवाळ आणि बार्नॅकल लवकर चढतात.

आता कारखान्याच्या पातळीवर. ३१६ स्टेनलेस समुद्राला पुरतं, हा समज सोडा: ओ-रिंगच्या खाचेत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे ते आतून कुरतडलं जातं. गंजाला जास्त टिकणारं डुप्लेक्स किंवा सुपर डुप्लेक्स स्टेनलेस लागतं. ॲनोड (स्वतः गंजून सांगाडा वाचवणारा धातूचा तुकडा) बसवलेल्या सांगाड्यावर १२.९ ग्रेडचे, म्हणजे फार कठीण, बोल्ट टाळा. संरक्षण जास्त झालं की हायड्रोजन शिरून ते अचानक तुटतात. सॉल्ट स्प्रेचे (खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्याने घेतलेल्या गंज-चाचणीचे) हजार तास पाण्याखालच्या सीलबद्दल काहीच सांगत नाहीत, कारण त्या चाचणीत ना दाब असतो ना गाळ.

भरतीच्या शाफ्ट सीलची चाचणी मात्र आपल्या शेडमध्ये होऊ शकते. प्रवाह दिवसात चारदा थांबतो, म्हणजे वीस वर्षांत सुमारे २९ हजार चालू-बंद. सील सर्वांत जास्त झिजतं ते सुरू होतानाच. चाळीस मीटर खोलीसाठी चार बार दाब, गाळ मिसळलेलं खारं पाणी आणि दर दहा मिनिटांनी एक आवर्तन ठेवलं तर सात महिन्यांत उत्तर हातात येतं. लाटेच्या सिलिंडरला ही सोय नाही. दोन मीटर स्ट्रोक धरला तर रॉड सीलखालून वर्षाला १५ हजार किलोमीटरहून जास्त सरकतो, आणि चाचणीचा वेग वाढवला की सील तापतं, निकाल खोटा ठरतो. त्यामुळे सिलिंडरवाल्यांनी लाटेच्या यंत्राची ऑर्डर घेताना सील बदलण्याचा कालावधी आणि बदलण्याचा खर्च कोणाचा, हे करारात लिहून घ्यावं.