वेंगुर्ल्याची संध्याकाळ : ८५ की ७०-२००?

तुळशीचे लग्न झाले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची जोडपी प्री-वेडिंगच्या छायाचित्रांसाठी घाट उतरू लागतात. कोणी चोर्ला घाटाने गोव्याला जाते, कोणी कारवार गाठते. मी बहुधा आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला जातो. या कामासाठी एकच चांगली लेन्स परवडणार असेल, तर ८५ मिमी प्राइम (एकाच फोकल लेंग्थची लेन्स) घ्यावी की ७०-२०० झूम (७० ते २०० मिमीपर्यंत फोकल लेंग्थ बदलता येणारी), असे या धंद्यात नव्याने आलेली मुले मला वरचेवर विचारतात. मी दोन्ही वापरल्या आहेत आणि त्यांतली एक विकली आहे.

झूमची बाजू आधी मांडणे न्याय्य होईल. भर वाऱ्यात लेन्स बदलली की कॅमेऱ्यात वाळू शिरण्याची धास्ती असते. झूम असल्यास तो प्रसंग सहसा येत नाही. त्याहून मोठे आकर्षण सूर्यबिंबाचे आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या पट्टीवर) उमटणाऱ्या बिंबाचा आकार फोकल लेंग्थवर, म्हणजे लेन्सच्या मिमीतल्या आकड्यावर, ठरत असल्याने ८५ मिमीला ते जेमतेम ०.८ मिमी येते, तर २०० मिमीला सुमारे १.९ मिमी, म्हणजे जोडपे दोन्ही चित्रांत सारख्याच मापाचे ठेवले, तरी झूममध्ये त्यांच्यामागचा सूर्य दुपटीहून मोठा दिसतो. पुष्कळ घरांत भिंतीवर लागते ते हेच एक चित्र, हे मान्य केले पाहिजे.

मात्र उभ्या चौकटीत पूर्णाकृती जोडपे बसवायला ८५ मिमीला साधारण १७ फूट अंतर पुरते, आणि २०० मिमीला ४० फूट मागे जावे लागते. माझा निर्णय झाला तो या ४० फुटांमुळे. संध्याकाळी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. जोडपे लाटांच्या कडेला असते आणि मी सुरूच्या झाडांच्या बाजूला, त्यामुळे त्यांचे बोलणे मला बऱ्यापैकी ऐकू येते, पण माझे ओरडणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. निपाणीच्या एका जोडप्याच्या वेळी मी "हनुवटी थोडी खाली" असे जीव तोडून सांगत होतो आणि नवरदेव दर वेळी "काय?" असे विचारत होता. घरी येऊन पाहतो तो, ऐन सोनेरी उजेडातल्या निम्म्या चित्रांत त्याचे तोंड त्या 'काय'साठी उघडलेले. हातवारे केले, तर त्यांनीही हसून हात हलवले. अखेर नवरीच्या धाकट्या भावाला निरोप्या करून वाळूतून पळवावे लागले, आणि "यांना नक्की हवंय तरी काय?" हे नवरीचे वाक्य मात्र मला स्वच्छ ऐकू आले.

आमच्याकडची बरीच जोडपी साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच इतका वेळ एकमेकांच्या जवळ उभी असतात आणि लाजेने ताठरतात. १७ फुटांवरून साध्या आवाजात थोडी थट्टा करता येते आणि खांदे सैल होतात. ४० फुटांवरून थट्टा ओरडून करता येत नाही. ज्यांच्याकडे तरबेज सहायक आहे, त्यांना कदाचित ही अडचण जाणवणारही नाही.

सूर्य बुडाल्यानंतरची वीस-बावीस मिनिटे मला स्वतःला अधिक आवडतात, आणि तेव्हा झूमच्या २.८ ऐवजी प्राइमचे १.८ अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारे छिद्र; आकडा लहान तितके ते मोठे) असल्याने मिळणारा सव्वा स्टॉप, म्हणजे दुपटीहून जास्त, उजेड उपयोगी पडतो. वजनाविषयी काय सांगावे? जवळजवळ दीड किलोची झूम तास-दोन तास हातात धरल्यावर परतीच्या घाटात मनगट आठवण करून देते. प्राइमची कुरकूर इतकीच की चौकट पावलांनी जुळवावी लागते आणि लाटेने बूट भिजतात. मी आता चपला घालूनच जातो. उजेडाकडे तोंड करून टिपताना फ्लेअरही (लेन्समध्ये उजेड विखुरून चित्रावर येणारे डाग व पांढुरकेपणा) मला प्राइममध्ये कमी त्रासदायक वाटला, अर्थात नव्या झूम लेन्स त्या बाबतीत सुधारल्या असतील.

लग्नमंडपातले कामही त्याच लेन्सवर करायचे असेल, तर झूम घेणाऱ्याला मी चुकीचे म्हणणार नाही. केवळ किनाऱ्यासाठी विचाराल, तर ८५ विकत घ्यावी आणि मोठ्या सूर्याचा हट्ट असेल त्या दिवशी झूम भाड्याने आणून दुसऱ्या कॅमेरा बॉडीवर लावून ठेवावी. बिंब पाण्याला टेकल्यापासून बुडेपर्यंत आपल्या अक्षांशावर सुमारे सव्वादोन मिनिटे मिळतात. कसे उभे राहायचे, कोणाकडे बघायचे, हे सगळे जोडप्याला त्याआधीच जवळ जाऊन सांगावे आणि मग ४० फूट मागे यावे.